वर्गणी कशासाठी भरायची? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

धातुशास्त्राच्या मुलांनी शिकत असतानाच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्ससारख्या संस्थेचं सभासद व्हावं, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की या संस्था म्हणजे निवृत्त साहेबांचे क्लब. हारतुरे, फोटो, जेवणावळी. शोधनिबंध आणि व्हिडिओ घरबसल्या मिळत असताना सांगलीकडच्या साध्या घरातल्या मुलाने वर्गणी का भरावी?

हारतुऱ्यांबद्दल तुमच्याशी सहमत आहे. सत्कार लांबतात आणि ज्याला ऐकायला लोक आलेले असतात त्याच वक्त्याला ‘आटोपतं घ्या’ अशी चिठ्ठी जाते. याचा मला मनापासून राग येतो. पण म्हणून संस्थाच नकोत, हे पटत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या एखाद्या जुन्या सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याच्या बाजूचं भिंग) फिरवून काढा आणि त्याचे आटे बघा. बहुधा व्यास ०.८ इंच आणि इंचाला ३६ आटे निघतील. हे माप लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ साली ठरवलं. ही संस्था १८३९ची. ‘रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटी’ झाली ती १८६६ मध्ये. त्याआधी प्रत्येक कारागिराचे आटे वेगळे असत, एकाचं भिंग दुसऱ्याच्या स्टँडवर बसत नसे. आपले आटे सोडून स्पर्धकाशी जुळवून घ्यायला कोणता धंदेवाला आपणहून पुढे येईल? भिंगं बनवणारे आणि वापरणारे एका टेबलाशी बसले, म्हणून ते ठरलं. हे काम एकट्या प्राध्यापकाचं नाही आणि एकट्या कंपनीचंही नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं उदाहरण तर आपल्या भोसरी-चाकणच्या लोकांना लगेच कळेल. मोटारींचे कारखाने वाढत होते आणि पोलादाला पाणी देणारा प्रत्येक उस्ताद आपली रीत लपवून ठेवत होता. विल्यम वुडसाइड यांनी १९१३ साली अशा लोकांना एकत्र आणून ‘स्टील ट्रीटर्स क्लब’ काढला. तीच आजची धातू आणि पदार्थ अभियंत्यांची संस्था, एएसएम इंटरनॅशनल. पुण्यात तिची शाखा आहे.

आता ‘सगळं घरबसल्या मिळतं’ या मुद्द्याकडे येतो. शोधनिबंधात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा धातूचा नमुना तयार करण्यावर एक ओळ असते: पॉलिश केला, एच केला (म्हणजे रसायनाने पृष्ठभाग किंचित खाऊ दिला). ॲल्युमिनियम मऊ असतं, पॉलिश पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइडचे कण त्यात रुततात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके दिसतात. नवखा मुलगा ते मिश्रधातूतलेच कण समजून मोजत बसतो. पेपरला आधी मेण चोळा, दाब कमी ठेवा, हे मी एका परिषदेत पोस्टरसमोर (भिंतीवर लावलेल्या संशोधनाच्या तक्त्यासमोर) उभा असताना ऐकलं. सांगणारे एका कारखान्यातले लॅब टेक्निशियन होते. त्यांनी आयुष्यात शोधनिबंध लिहिला नसेल, व्हिडिओ तर नाहीच. ज्याला आपली अडचण नेमक्या शब्दांत मांडताही येत नाही, त्याने सर्च तरी काय करायचं? समोरचा माणूस त्याचा फोटो बघून सांगतो, ‘हे ठिपके तुझ्या पेपरचे आहेत.’

सभासद झाल्याने नोकरी लागते का, असंही तुम्ही विचारलंत. नाही लागत. ओळखी होतात, आणि त्यासुद्धा पोस्टर लावून प्रश्न विचारणाऱ्याच्याच.

तुमच्या प्रतिक्रियेतला खरा मुद्दा मला अंतराचा वाटतो. विद्यार्थ्यांची वर्गणी कमीच असते, पण सांगलीहून पुण्याला यायचं-जायचं भाडं आणि एक रात्र राहणं परवडत नाही. व्याख्यानं मुंबई-पुण्यातच होत राहिली तर ती मुलं कायम बाहेरच राहणार. पुण्यातल्या वक्त्याने सकाळी निघून कराडला किंवा सांगलीला व्याख्यान द्यावं, सोबत दोन-चार तयार नमुने आणावेत आणि मुलांकडून पॉलिश करून घ्यावेत. हे सहज जमण्यासारखं आहे. तुम्ही तुमच्या कॉलेजतर्फे तसं पत्र लिहा, पुण्यातल्या शाखांकडे ते मी स्वतः घेऊन जातो.