‘परखड मराठवाडी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अरबी समुद्रातल्या कमी ऑक्सिजनच्या थरावर मी लिहिलेल्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया आली. ती मी काढलेली नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. लेखात नकाशा नाही. नॉक्टिलुका या हिरव्या तवंगाच्या जीवाबद्दल मी एकच बाजू मांडली. खोल समुद्राच्या मोहिमेला सरकारनं ४०७७ कोटी मंजूर केले, त्यावर मी चकार शब्द काढला नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: “मॅडम, ज्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं बसून समुद्राच्या पोटातल्या माशांचं कौतुक करणं म्हणजे भरल्या पोटाचे चोचले आहेत.”

नकाशाचं मान्य. ओमानपासून गुजरातपर्यंतचा समुद्र डोळ्यांपुढं असता तर लेख वाचायला सोपा गेला असता. जोडते.

आता त्या वाक्याकडं येते. टीकेचं मला वावडं नाही. वर्गात उभं राहून शिकवण्यात आयुष्य गेलं, उलटून प्रश्न विचारणारी पोरं मला नेहमीच आवडली. पण ‘मॅडम’ म्हणून सुरुवात करायची आणि ‘चोचले’ म्हणून थांबायचं, ही बोलायची कुठली रीत? आपण स्वतःला मराठवाडी म्हणवता. आपल्याकडं भावकीतलं भांडण हातघाईवर आलं तरी वयानं मोठ्या बाईशी माणूस असं बोलत नाही. टोपणनावाच्या आड बसल्यावर जीभ सैल सुटते, हे मी इथं पुष्कळदा पाहिलंय. त्याला परखडपणा म्हणत नाहीत.

आणि रेल्वेच्या पाण्याची गोष्ट तुम्ही मला सांगणार? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी लातूरला आली तेव्हा मी याच शहरात राहत होते. धनेगावचं मांजरा धरण कोरडं ठणठणीत होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. त्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. बाहेरच्यांना तेवढी गाडीच आठवते. आमच्या गल्लीतल्या बायकांना आठवतो तो टँकर, ज्याच्या येण्याचा काही नेम नसायचा. मध्यरात्री हाळी ऐकू आली की कळशी, बादली, पिंप, जे हाताला लागेल ते घेऊन आम्ही धावायचो. माझे गुडघे तेव्हापासून धरलेत. वर्गातल्या मुली पहिल्या तासाला नसायच्या, कारण घरातलं मोठं माणूस कामावर गेलं की रांगेत नंबर धरायला त्याच उभ्या असत. त्यांच्या नावापुढं गैरहजेरी मांडताना माझा हात अडायचा. आणि तुम्ही भरल्या पोटाचं बोलता.

समुद्राचं वाचन मला लागलं ते याच दिवसांत. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, बातम्यांत सांगतात की तिकडं समुद्र तापला म्हणून आपल्याकडं पाऊस झाला नाही. तो कुठला समुद्र?” तो होता प्रशांत महासागर. २०१५ मध्ये तिथं प्रबळ एल निनो होता आणि देशात त्या वर्षी मान्सून सरासरीच्या ८६ टक्के झाला; त्याच्या आदल्या वर्षीही ८८ टक्केच. एवढं मी तिला सांगितलं. “मग तो तापला की आपला पाऊस कसा काय थांबतो?” हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात मिळेना. तहानलेल्या घरातली पोर समुद्राबद्दल विचारत होती. तिला मी काय म्हणायला हवं होतं, आधी घागर भर, मग बघू?

माझ्या लेखात होतं तेच पुन्हा सांगते, कारण तुम्ही ‘माशांचं कौतुक’ एवढंच त्यातून उचललंत. जूनमध्ये नैर्ऋत्येचं वारं सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत जोरानं वाहतं. ते वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असं पोषण भरपूर असतं, म्हणून प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची, प्रचंड वाढ होते. ते मरून खाली जातात, जिवाणू त्यांना कुजवतात आणि कुजवताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. अरबी समुद्राला उत्तरेकडून जमिनीनं अडवलेलं आहे, त्यामुळं तिकडून ताजं पाणी शिरून ही तूट भरून निघत नाही. म्हणून साधारण दीडशे-दोनशे मीटर खोलीपासून हजार मीटरच्या पुढंपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, असा जगातल्या सर्वांत मोठ्या थरांपैकी एक थर तिथं आहे. ज्या वाऱ्याची आपण मृगात वाट पाहतो, त्याच वाऱ्याचं हे दुसरं काम आहे. या थरातले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. तो वायू हवा तापवतो, आणि ती हवा तुमच्याआमच्या शेतावरही असतेच.

राहिले मासे. लँटर्नफिश नावाचा बोटभर मासा दिवसभर या गुदमरवणाऱ्या थरात दडून बसतो, कारण त्याला खाणारे मोठे मासे तिथं तग धरू शकत नाहीत. अंधार पडला की तो वर येतो, चरतो आणि उजाडायच्या आत परत खाली जातो. अंगावर बारीक दिवे घेऊन हा जीव रोज शेकडो मीटरची ये-जा करतो. मी त्याचं कौतुक केलं. पुन्हा करीन. दुष्काळी भागातल्या माणसानं फक्त पाण्याच्या टाकीबद्दलच बोलावं, बाकीचं जग किनाऱ्यावरच्यांसाठी सोडावं, हा नियम घालून देणारे तुम्ही कोण?

मराठवाड्याचा समुद्राशी काय संबंध, असा सूर तुमच्या त्या वाक्याला आहे. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत. घाटावर ढग रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला वर्षाला जेमतेम सातशे-साडेसातशे मिलिमीटर येतं. त्यातला मोठा हिस्सा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडं सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळं पडतो. म्हणजे आपलं शिवार एका नव्हे, दोन समुद्रांच्या भरवशावर आहे. हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापते आणि पूर्व बाजू गार पडते, त्या घडामोडीला साजी, यामागाता या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये द्विध्रुव म्हणून जगापुढं मांडलं. २०१९ साली तो फार तीव्र होता. त्या जूनमध्ये देशात पावसाची ३३ टक्के तूट होती आणि हंगाम संपला तेव्हा पाऊस सरासरीच्या ११० टक्क्यांवर गेला होता. ऑक्टोबरात आपल्याकडं काय झालं ते आठवतं ना? काढलेलं सोयाबीन रानात भिजलं, गंजीला कोंब फुटले. त्याच महिन्यात अरबी समुद्रात क्यार हे महाचक्रीवादळ फिरत होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या आणि त्यामागं अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा हात आहे. ज्याचं सोयाबीन गेलं त्याला विचारा, समुद्राचा अभ्यास चोचले आहेत का.

पुण्याला तरी समुद्र कुठं आहे? मच्छीमारांना मासे कुठल्या भागात मिळतील ते सांगणारी आणि त्सुनामीचा इशारा देणारी संस्था, इन्कॉइस, हैदराबादला आहे. १९५६ पर्यंत आपला कारभार जिथून चालायचा, तेच हैदराबाद. किनाऱ्यापासून इतक्या दूर बसून ती माणसं आर्गो तराफ्यांची माहिती गोळा करतात. ही यंत्रं हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि तापमान व क्षारता उपग्रहाला कळवतात. जगभरच्या समुद्रांत अशी चार हजारांच्या आसपास यंत्रं आहेत. त्यांचे आकडे कुणालाही फुकट पाहता येतात, लातुरातल्या निवृत्त शिक्षिकेलाही.

नॉक्टिलुकाबद्दल: ती वाढ ऑक्सिजन घटल्यामुळं होते की दुसऱ्या कारणानं, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. तो मिटवायला मी बसले नव्हते. लेखाचा तो विषयही नव्हता. ४०७७ कोटींबद्दल: २०२१ मध्ये मंजूर झालेली ती रक्कम पाच वर्षांची आहे. देशाच्या लोकसंख्येनं भागून पाहा, पाच वर्षं मिळून माणशी तीस रुपयेसुद्धा होत नाहीत. तेवढ्यानं लातूरची नळयोजना अडली, असं तुम्हाला खरोखर वाटत असेल तर आपलं बोलणं इथंच थांबलेलं बरं.

नकाशा आज रात्रीपर्यंत मूळ लेखात टाकते. पुढचा लेख आर्गोवर आहे, त्यावरही जरूर लिहा. फक्त खाली स्वतःचं नाव घाला, आणि मला ‘बाई’ म्हणा, ‘मॅडम’ नको.