खुलासा : 'लॉकडाऊनमध्ये सगळेच कलाकार ऑनलाइन कमावत होते' हे खरं नाही

बीड, लातूर, नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : कोरोनात थिएटरं बंद झाली, पण कलाकार मोबाइलवर गेले, कुणाचं काही अडलं नाही.

मालिकांपुरतं यात तथ्य आहे. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात चित्रीकरण थांबलं तेव्हा अनेक मालिकांनी गोवा, सिल्वासा गाठलं. सिनेमागृहंही ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या खुर्च्यांवर उघडली होती.

तमाशाचं मात्र तसं नव्हतं. फडाचा, म्हणजे तमाशा मंडळाचा, हंगाम दसरा ते बुद्धपौर्णिमा, त्यातही खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांची. देशभर टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० ला, नेमकी गुढीपाडव्याला! ठरलेल्या सुपाऱ्या, म्हणजे खेळांची बुकिंगं, गेली; अंगावर घेतलेली उचल तशीच राहिली. बतावणीतला (विनोदी संवादातला) सोंगाड्या, म्हणजे विनोदी नट, समोरच्या हशावर पुढचं वाक्य टाकतो, दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खूश होऊन दिलेले पैसे, हातोहात मिळते. कॅमेऱ्यापुढे हशा नाही, दौलतजादाही नाही. शिवाय ढोलकीवाला, कनात ठोकणारे, ट्रकचालक यांनी ऑनलाइन जायचं तरी कसं? गोंधळी, बँडवाले यांचीही तीच गत. लग्नंच मोजक्या माणसांत उरकत होती.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.