सुंभ, पीळ आणि वीस लिटरचा जार

बाई दिवसातून किती वेळा केस कानामागे सारते, हे मोजायची वेळ माझ्यावर गेल्या जुलैत आली. पहिल्या दिवशी सकाळी अकरापर्यंत चाळीस झाले आणि मी नाद सोडला. कारण मोजायला लागलं की मी विचारात पडते, आणि विचारात पडले की हात आपसूक कानाकडे जातो. आणि कानामागे केस सारायला मला ७२ तास सक्त मनाई होती.

माझे केस बाबांवर गेलेत. बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. सकाळी पाणी लावून चापून बसवलेला त्यांचा भांग कारखान्याच्या गेटपर्यंतसुद्धा टिकत नसे. आईचे केस मात्र नळाची धार पडावी तसे सरळ. दोघांतून निवड करताना माझ्याशी कुणी बोलून घेतलं नाही. नौपाड्यातल्या शाळेत मी दोन घट्ट वेण्या घालून जायचे आणि मधल्या सुट्टीपर्यंत रिबिनीच्या वर अर्धवट सोललेला नारळ दिसायला लागायचा. बाई वही तपासताना म्हणायच्या, "केसांना आहे त्याच्या निम्मं वळण अक्षराला असतं तर!"

चव्वेचाळीस वर्षं हे वळण सांभाळलं. मग राम मारुती रोडवर एका सलूनबाहेर पावसाळी सवलतीचा बोर्ड दिसला. स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ करून देणं, तीस टक्के सूट. ऐन पावसात सूट का देतात, हा प्रश्न शहाण्या बाईला तिथेच पडला असता. मला तो घरी येऊन छत्री वाळत घालताना पडला.

सलूनमधली मुलगी जेमतेम बावीसची असेल, पण नजर विमानतळावरच्या कस्टमवाल्याची. "मॅम, काळी मेंदी लावता?"

"छे."

तिने एक बट उजेडाला धरली. "कधीपर्यंत लावत होतात?"

"दिवाळीपर्यंत," मी गुन्हा कबूल केला.

काही काळ्या मेंद्यांत धातूचे क्षार मिसळलेले असतात, त्यांचं आणि या क्रीमांचं पटत नाही, केस तुटू शकतात. म्हणून तिने मानेजवळची एक बारीक बट कापली, वाटीत घालून तिला क्रीम फासलं, आणि आम्ही दोघी गुरुजींनी पत्रिका मांडल्यासारख्या त्या वाटीकडे बघत बसलो. बट तुटली नाही. पत्रिका जुळली.

पुढचे पाच तास मी खुर्चीत होते. पहिल्या क्रीमचा वास म्हणजे नासक्या अंड्याला अमोनियाची फोडणी. तोवर मुलीशी दोस्ती झाली होती, म्हणून तिला विचारलं की बाई गं, हे नक्की करतं काय? तिने सांगितलं त्यात घरी येऊन मी थोडी भर घातली, ती अशी. केस म्हणजे केरॅटिन नावाचं प्रथिन. त्यात गंधक असतं, आणि गंधकाचे अणू जोडीजोडीने एकमेकांत अडकलेले असतात, ब्लाउजच्या हुकांसारखे. पहिलं क्रीम त्यातले बरेच हूक सोडवतं. मग केस इस्त्रीने सरळ ओढायचे, साधारण १८० अंश सेल्सिअसवर. मग दुसरं क्रीम, ज्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते हूक पुन्हा लावून टाकतं, पण शेजारच्या घरात. घाईत ब्लाउज चुकीचा लावला की कसा कायमचा तिरका बसतो, तसे केस कायमचे सरळ बसतात. घरी नुसती इस्त्री फिरवून सरळ केलेले केस हा वेगळा प्रकार, तो टाचणी लावलेला पदर. पाणी लागलं की टाचणी निसटली.

इंग्रजीत या सगळ्याला केस 'रिलॅक्स' करणं म्हणतात. त्यानंतरचे तीन दिवस आमच्या घरात रिलॅक्स होते ते फक्त केस.

नियम एका गुलाबी कागदावर छापलेले होते. तीन दिवस केस भिजवायचे नाहीत. बांधायचे नाहीत. क्लिप, रबर, हेअरबँड, हेल्मेट काही नाही. चष्मा डोक्यावर सरकवायचा नाही. चाळिशीचा चष्मा लागलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे श्वास सांभाळून घ्या म्हणण्यासारखं आहे. झोपायचं उताणं, केस उशीवर पसरून. तेल नाही.

तेल नाही, हे आईला सांगायचं कुणी, यावर नवरा आणि मी एकमेकांकडे बघितलं. बाबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, आई आमच्याकडे असते. तिच्या मते माणसाचे निम्मे आजार तेल न लावल्याने होतात आणि उरलेले निम्मे ओल्या केसांनी झोपल्याने. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा ती कोमट तेलाची वाटी घेऊन उभी होती. "एवढी औषधं चोपडलीस, जरा थंडावा नको डोक्याला?"

"आई, तीन दिवस तेल चालत नाही."

"आणि हे असे सोडून ठेवणार? तिन्हीसांजेला?"

खरी अडचण इथे होती. तिन्हीसांजेला मोकळ्या केसांनी बाई घरात फिरत नाही, हा तिचा नियम गुलाबी कागदापेक्षा कितीतरी जुना. तडजोड अशी निघाली की दिवेलागणीला मी बेडरूममध्ये दार लावून बसायचं. तीन संध्याकाळ बसले. माझ्याच घरात, हप्ते मी भरते त्या घरात.

बाहेर ठाण्याचा जुलै. ऑफिसातून सुटून स्टेशनला उतरले, तर पाऊस आडवा. शॉवर कॅप, तिच्यावर रेनकोटची टोपी, तिच्यावर छत्री, आणि छत्री उलटी झाल्यावर भाजीवाल्याने कनवाळूपणाने दिलेली पिशवी, अशा थाटात मी रिक्षाच्या रांगेत उभी राहिले. पुढच्या काकूंनी काही न विचारता मला जागा दिली. आजारी समजल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी लोकलमधल्या मैत्रिणीनेही तेच विचारलं, "बारीक झालीयस गं, बरं आहे ना?" कुरळ्या केसांनी माझ्या डोक्याचा जो घेर सांभाळला होता तो गेला होता आणि खाली माझा मूळ चेहरा निघाला होता. तो इतका छोटा असेल याची मलाही कल्पना नव्हती.

तिसऱ्या रात्री शेषशायी विष्णूसारखं उताणं पडून झोप येईना, म्हणून मोबाइलवर या उद्योगाचं मूळ शोधत बसले. त्यात गॅरेट मॉर्गन भेटला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा कृष्णवर्णीय संशोधक, शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. लोकरीचं कापड शिवताना सुई तापून कापड करपायचं, म्हणून सुईला लावायला तो एक द्रावण करत होता. हाताला लागलेलं त्याने कापडाच्या तुकड्याला पुसलं, तर कापडाचे वेडेवाकडे तंतू सरळ! मग, सांगतात ते असं, त्याने ते शेजारच्या कुरळ्या केसांच्या एअरडेल कुत्र्यावर करून पाहिलं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण क्लीव्हलँडपर्यंत पोचली नसावी. कुत्रा सरळ झाला. त्यानंतर त्याने स्वतःच्या डोक्याला लावलं, आणि १९१३ मध्ये केस सरळ करायच्या क्रीमची कंपनी काढली. गंमत पुढे आहे. याच माणसाने १९२३ मध्ये ट्रॅफिक सिग्नलचं पेटंट घेतलं, थांबा आणि जा यांच्या जोडीला चारी बाजूंची वाहनं एकदम थांबवणारी तिसरी खूण असलेला सिग्नल. आधी विस्कटलेले केस, मग विस्कटलेली वाहतूक. ठाण्यातला तीन हात नाका त्याला बघावा लागला नाही, हे त्याचं नशीब.

सकाळी उत्साहात हे आईला सांगितलं. वर हेही सांगितलं की अमेरिकेत ज्याला रिलॅक्सर म्हणतात त्यात बऱ्याचदा कॉस्टिक सोडा असतो, आपल्याकडचं क्रीम निराळं, आणि एकावर दुसरं लावलं तर केस हातात येतात.

"कॉस्टिक सोडा? मोरी तुंबल्यावर टाकतो तो?"

"तोच. पण माझ्यात नाहीये."

"मोरीला तरी आपण महिन्यातून एकदाच टाकतो," आई म्हणाली आणि देवपूजेला गेली.

चौथ्या दिवशी न्हाणं होतं. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी येतं तेवढं येतं, बाकीचं टँकरचं. टँकरचं म्हणजे बोअरचं, क्षाराचं. बादलीच्या काठाला चुन्याची रांगोळी, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली. या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसांवर बसतं आणि केस राठ होतात, म्हणून मुलीने बजावलं होतं की निदान पहिलं धुणं तरी चांगल्या पाण्याने करा. मी वीस लिटरचा जार मागवला.

"ताई, पाहुणे आलेत?" जारवाल्या पोराने विचारलं.

"नाही रे, केस धुवायचेत."

तो काही बोलला नाही. जार ठेवताना त्याने एकदा माझ्या डोक्याकडे बघितलं आणि एकदा आईकडे. आईने दोन्ही हात जोडून वर केले.

एक तांब्या म्हणजे अंदाजे एक लिटर, म्हणजे वीस तांबे. नवरा अकाउंट्समधला. त्याने अंदाजपत्रक मांडलं: भिजवायला पाच, शॅम्पू काढायला सात, कंडिशनरला आठ. मी मोरीच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसले, तो तांब्या घेऊन मागे, आई दारात. पाच तांब्यांपर्यंत सगळं हिशेबात होतं. मग शॅम्पू आला. तो सल्फेट नसलेला, आणि असल्या शॅम्पूला फेस बेताचाच येतो. हे मी वाचलं होतं. आईने वाचलं नव्हतं.

"फेस कुठाय? फेस आल्याशिवाय मळ निघतो होय? अजून घे."

अजून घेतला. आणखी थोडा घेतला. मग तो काढायला सातच्या जागी बारा तांबे गेले. "सतरा झाले," नवरा गंभीर आवाजात म्हणाला, आणि त्याच वेळी मी केसांच्या टोकांना मुठीभर कंडिशनर फासून बसले होते. तीन तांब्यांत तो काय निघणार? हात लावला की केस शेवाळासारखे सुळसुळत होते. नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या फिल्टरखाली पातेलं लावलं. फिल्टर आपल्या सवडीने ठिबकायला लागला. मान खाली, पाठीत उसण, आणि उलट्या जगात मला आईची पावलं देव्हाऱ्याकडे वळताना दिसली.

"आई, गंगाजल नको!"

"मी निरांजन बघायला चालले होते," ती म्हणाली. पावलं मात्र परत आली. शेवटी फ्रिजमधल्या सहा बाटल्या कामी आल्या. फ्रिजमधल्या, म्हणजे थंडगार. मी जी किंकाळी मारली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली, असं लिफ्टमध्ये कळलं.

त्यानंतर मी हळूहळू शिकले. ओला केस फुगतो, अशक्त होतो, ताणला की तुटतो, आणि असा उघडून पुन्हा लावलेला केस तर जास्तच. म्हणून टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. नवऱ्याचा जुना सुती टी-शर्ट गुंडाळायचा, नुसता टिपायला. तो टी-शर्ट त्याच्या आवडत्या मॅरेथॉनचा निघाला, तो विषय इथे नको. कंगवा मोठ्या दातांचा, आणि विंचरायचं खालून वर: आधी टोकांचा गुंता, मग मधला, मग मुळं. साठ वर्षं वरून खाली विंचरणाऱ्या आईने हे बघितलं आणि म्हणाली, "उद्या जेवायला ताकभातापासून सुरुवात कर."

पण उशीच्या बाबतीत ती माझ्या बाजूने आली. सुती अभ्र्यावर केस घासतात, रेशमी हवा, असं मी म्हणाले. बाजारातल्या किमती ऐकून आई उठली आणि कपाटातून तिचा जुना, घडीवर विरलेला शालू काढून आणला. "जरीचा काठ नको हं, जरीत केस अडकतील. पोटातलं कापड घे." तिने स्वतः शिवला. लग्नातल्या शालूवर मी आता घोरते.

पाच महिने गेले. केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, आणि क्रीम कितीही जालीम असलं तरी ते बाहेर आलेल्या केसाला लागतं. केस कुरळा निघणार की सरळ, हे कातडीखाली मुळाच्या खळग्यात ठरतं, तिथे सवलतीचा बोर्ड पोचत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा सुंभ १८० अंशांवर जाळून झाला होता आणि पीळ खालून निवांत वर येत होता. वर कसारा घाट, खाली एक्स्प्रेसवे. दोन्ही जिथे जुळतात तिथेच केस सगळ्यात जास्त तुटतो, हेही आता कळलं. सलूनमधून टचअपचा मेसेज आला होता. फक्त मुळांना लावायचं, खालच्या केसांना पुन्हा लागता कामा नये. या वेळी वीस टक्के सूट.

त्या रविवारी आई सोफ्यावर, मी खाली तिच्या पायाशी. धुण्याआधी तासभर तेल चालतं, असं कळल्यापासून तिने आठवड्याचा तो तास कुणाला दिलेला नाही. भांगात बोटं फिरवता फिरवता ती थांबली. चष्मा पुढे घेऊन वाकली.

"आले गं."

"काय, उवा?" मी दचकले.

"नाही गं," तिने टाळूजवळचं एक वेटोळं बोटाभोवती गुंडाळून बघितलं, सोडलं, ते पुन्हा गुंडाळलं गेलं. "तुझे बाबा."

आणि तिने हातावर आणखी तेल ओतलं.