बीसीसीचा रकाना काय शोभेला ठेवलाय का?

एकाच मेलमध्ये पन्नासेक लोकांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे टू नाहीतर सीसीत कोंबणाऱ्यांना कोणीतरी आवरा रे!! बीसीसी म्हणून एक रकाना असतो, त्यात पत्ते टाकले की मेल सगळ्यांना जातो पण कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही, इतकं सोप्पंय, पण नाही, ह्यांना तो दिसतच नाही. मग त्या पन्नासातल्या एकाचं जरी अकाउंट हॅक झालं की सगळे पत्ते आयतेच भलत्याच्या हातात, आणि स्पॅम कोणाला येणार तर आपल्याला, ज्यांनी काहीच केलेलं नाही.

त्यावर कळस म्हणजे रिप्लाय ऑल. "धन्यवाद", "ओके", नुसता अंगठा, आणि मग एखादा शहाणा लिहिणार "कृपया रिप्लाय ऑल करू नका", तेही रिप्लाय ऑल करूनच! (म्यूट करायची सोय असते म्हणून डोकं ठिकाणावर आहे.)

फोटोंचं तर बोलायलाच नको. जीमेलवरून २५ एमबीपर्यंतच अटॅचमेंट जाते, त्यात ईमेलमधून जाताना एन्कोडिंगमुळे (म्हणजे फाइल पाठवण्याजोग्या अक्षरांत बदलली जाते त्यामुळे) फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून समोरच्याच्या सर्व्हरची मर्यादा कमी असली की मेल धाडकन परत. अरे गूगल ड्राइव्हवर टाक, लिंक दे, संपलं! पण नाही, तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवणार आणि वर मलाच विचारणार, "तुझं नेट नीट चालत नाही का?"