आबांचा बांध

पावसाळ्यात आमच्या शेताचा बांध फुटला की आबा, म्हणजे माझे आजोबा, तो स्वतः घालायचे. आम्ही पोरं हाताखाली. काम उरकलं की कमरेवर हात ठेवून बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "ह्येला काय बांध म्हनत्यात व्हय? बांध बघावा इटलीत. तीन पुरुष उच्ची." एवढं बोलून गप्प. पुढं काही विचारलं तर, "चला, बैलं सोडायची हायती."

आबा 1991 साली गेले. त्यांच्या त्या बांधाचा अर्थ मला लागायला पुढची तीस वर्षं गेली. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा त्यांचं फौजेतल्या डिस्चार्जचं पुस्तक हाती आलं. भरती 1940, सुट्टी 1946. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन. म्हणजे जंगी पलटण. मग मी वाचत सुटलो. ही पलटण आधी इराकला गेली आणि 1943 च्या सप्टेंबरात आठव्या भारतीय डिव्हिजनमधून इटलीत उतरली. आबांच्या तोंडी बसरा, बगदाद का यायचं ते तेव्हा कळलं. आणि मग सेनियो नदी सापडली.

सेनियो ही काही मोठी नदी नाही. पण पूर येऊ नये म्हणून तिच्या दोन्ही काठांना उंच, उभ्या चढणीचे मातीचे बांध घातलेले आहेत, आणि जर्मन सैन्य त्याच बांधांच्या पोटात खंदक खणून बसलं होतं. 9 एप्रिल 1945 ला पलटणीनं ती नदी ओलांडली. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव त्या दिवशी कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी एकेक करून खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागं आणलं. मग परत फिरून एकट्यानं मशिनगनची ठाणी बंद पाडली. त्यानंतर बांधाच्या माथ्यावर उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि बाकीच्या कंपन्यांना हात करून पलीकडं बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाचं शौर्याचं सगळ्यांत मोठं पदक, मिळालं. हे वाचताना माझे हात थरथरत होते. आबा त्या काठावर नेमके कुठं होते हे मला कधीच कळणार नाही. पण ती गर्जना त्यांनी ऐकली असेल, या विचारानं मी रात्रभर जागा होतो.

आमच्या शाळेत दुसरं महायुद्ध दोन पानांत उरकलं. हिटलर, हिरोशिमा, संपलं. त्या युद्धाच्या अखेरीस हिंदी फौजेत पंचवीस लाख माणसं होती आणि सगळी स्वतःहून भरती झालेली. एकट्या इटलीच्या भूमीवर 5,782 हिंदी जवान पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात गेले, वय 22. तुकडीतले सगळे पडल्यावर हा नायक एकटा मशिनगनवर धावून गेला. ग्रेनेड टाकला, टॉमीगन चालवली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्यानंच उरलेल्या दोघांशी लढला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत माँतोने गावानं 2023 साली त्यांच्या नावानं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. त्या परक्या गावानं ऐंशी वर्षांनी आठवण काढली याचं मला कौतुक आहे, आणि आपल्या गावांबद्दल वाईट वाटतं.

आपण का विसरलो, याचं कारणही मला कळतं. ती गोऱ्यांची फौज होती. आबा इटलीत लढत होते तेव्हा आमच्याच सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. आमच्या आजीचा सख्खा भाऊ त्यात भूमिगत होता. आजी सांगायची, तो अधूनमधून रात्री आमच्याकडं भाकरी खायला यायचा, कारण फौजेतल्या माणसाच्या घरावर पोलिसांचा संशय जात नसे. एकाच चुलीवर दोघांच्या काळजीनं भाकरी थापल्या गेल्या. आजीला यात कधी कोडं पडलं नाही. कोडं आपल्याला पडतं, कारण आपल्याला प्रत्येक माणूस एका रकान्यात बसवायचा असतो.

आजीच्या भावाचं नाव गावच्या शाळेतल्या फलकावर आहे, आणि ते असायलाच हवं. आबांचं कुठंच नाही. मी त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणणार नाही. ते पोटासाठी भरती झाले. घरात चार भाऊ आणि जमीन दोन एकर, तीही माळाची. पण एकदा पलटणीत गेल्यावर शेजारच्या माणसाला सोडून पळायचं नाही, एवढं त्यांनी पाळलं. आदरासाठी मला तेवढं पुरेसं आहे.

आणि आजी. लग्न झालं तेव्हा चौदा वर्षांची. लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र आलं की शाळेतल्या गुरुजींकडं न्यायचं, सगळ्यांसमोर वाचून घ्यायचं. तिकडं आबाही दुसऱ्याकडून लिहून घेणार, त्यावर साहेब नजर फिरवणार. इतक्या लोकांच्या हातांतून जाणाऱ्या पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? "मी खुशाल आहे, बैलाची काळजी घ्यावी." पोस्टमन लांबून दिसला तरी तिच्या पोटात गोळा यायचा, पत्र आहे की तार. शेजारच्या वाडीत दोन घरी तार आली होती. पुढं युद्ध संपलं, फौज कमी केली आणि पेन्शनला लागणारी वर्षं न भरल्यानं आबा रिकाम्या हातानं घरी आले. म्हातारपणी राज्य सरकारचं मानधन सुरू झालं. आबांच्या मागं आजी दरवर्षी हयातीचा दाखला घेऊन एका कार्यालयात जायची. एकदा मी सोबत होतो. तिथल्या तरुण माणसानं विचारलं, "कुठली लढाई आजी, एकाहत्तरची का?" आजी म्हणाली, "न्हाय बाळा, त्याच्या आदीची." आणि बाकावर जाऊन बसली.

पदकांपैकी इटली स्टार आमच्या आत्यानं लहानपणी खेळून हरवला. बाकीची भांड्यांच्या मोडीत गेली. त्याचं मला फार वाटत नाही. जीव तुटतो तो न विचारलेल्या प्रश्नांसाठी.

म्हणून आता सातारा तालुक्यातल्या मिलिटरी अपशिंग्याकडं बोट दाखवून थांबायचं नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, तिथं स्तंभ आहे, ठीक. पण तुमच्या गावाचं काय? ट्रंका उघडा. डिस्चार्जचं पुस्तक असेल तर त्यावरचा नंबर आधी उतरवून घ्या, सगळी वाट त्या नंबरावरून निघते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आहे, जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे. माणूस परत आला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. तिथं पुष्कळ शिपायांच्या नावापुढं बापाचं नाव, गाव, तालुकासुद्धा दिलेला आहे. घाडगे यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. मात्र आपली नावं इंग्रजीत वेडीवाकडी लिहिलेली असतात, दोन-तीन तऱ्हांनी शोधावी लागतात.

मी शंभर पानी वही केली आहे. पहिल्या पानावर आबा: नंबर, पलटण, बसरा, इटली, सेनियो. दुसऱ्या पानावर आजी. गावातली अजून अकरा घरं बाकी आहेत. उद्या वरच्या आळीतल्या एका म्हातारीकडं जायचंय. तिचा थोरला भाऊ 1941 ला आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत गेला, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. तो निघाला त्या दिवशी अंगणात काय काय झालं, हे तिला अजून आठवतं म्हणे. सकाळी लवकर जाणार आहे. दुपारनंतर तिला बोलवत नाही.