पद्मिनी मिसिंग मारायली

परभणीत कुणाच्या घरी पाहुणा आला तर गल्लीला कळायला तासभर लागतो. गाडीचं बॉनेट उघडलं तर पाच मिनिटं पुरतात.

वडिलांच्या मागं राहिलेली आमची प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, सिलिंडर ४, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि नाव चितोडच्या राणीचं. एप्रिलातल्या एका सकाळी जिंतूर रोडवर ती एकाएकी उचक्या द्यायला लागली. धड धड धड फुस. धड धड धड फुस. पालखीच्या चार भोयांपैकी एकजण चालता चालता डुलकी घेत असावा, तसे हेलकावे खात आम्ही घरी आलो. गल्लीच्या तोंडाशीच टेम्पोवाल्या भाऊंनी निदान जाहीर केलं, “सर, गाडी मिसिंग मारायली की ओ!”

म्हणजे चारातला एक सिलिंडर पेटेना. ते मलाही कळत होतं. काहून पेटेना, तेवढंच कळत नव्हतं.

सिलिंडरात ठिणगी पाडणारे प्लग खोलले. तिघांची टोकं मातकट, म्हणजे ठणठणीत. तीन नंबरचा मात्र काळाकुट्ट, वर पेट्रोलनं ओला. शेजारचे काका कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. त्यांनी तो प्लग चष्मा वर करून न्याहाळला, काळी भुकटी अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, “ज्वारीवर काणी पडते ना, डिट्टो तशी.” मग पेरणीआधी बियाण्याला गंधक काहून चोळायचं, यावर वीस मिनिटं. ऐकता ऐकता मला पटायलाही लागलं होतं.

समोरच्या काकूंचं वेगळंच. “ऊन लागलंय तिला. ४२ डिग्री म्हणायलेत. ओलं फडकं टाक, अन् खिशात कांदा ठेव.” खिशात म्हणजे गाडीच्या की माझ्या, ते त्यांनी सांगितलं नाही. पण हसू नका. उन्हाळ्यात पंपात पेट्रोलची वाफ झाली की पंपावर ओलं फडकं टाकणं, हा जुन्या गाड्यांचा रीतसर इलाज आहे. आमची पंचाईत एवढीच, की आमची गाडी पहाटे गार असतानाही उचकी द्यायची.

भाऊंना बोलण्यापेक्षा करण्यात रस. त्यांनी प्लगच्या चारही वायरी एकदम उपसल्या. स्पार्कचा क्रम १-३-४-२, हे त्यांना पाठ होतं. कुठली वायर कुठून काढली, ते नव्हतं. स्टार्टर मारताच कार्बोरेटरमधून असा बार उडाला, की गाडीखाली झोपलेलं कुत्रं वसमतच्या दिशेनं गेलं ते दिवे लागल्यावर परतलं.

शेवटी मेकॅनिक चाचांना बोलावलं. चाचांनी वायरी बरोबर लावल्या, इंजिन चालू ठेवून एकेक वायर काढून पाहिली. एक, दोन, चार काढली की इंजिन आणखी लंगडायचं. तीन काढली तर त्याला पत्ताच नाही. “तीन नंबर मरा हुआ है, साब.” त्याचा प्लग एक नंबरला लावला, तर तिथं झकास पेटला. पॉइंट घासले, चारी प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी पुसली. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून स्टार्टर मारायला लावला. “हौ, दम है.” म्हणजे आतला दाब ठीक. मग वायरीचं टोक हातात धरून इंजिनाजवळ नेलं, तर कडकड निळी ठिणगी. “करंट भी है!” वायर परत लावली. फुस.

घरात पाढे घडाघडा म्हणणारं आणि पाहुण्यांसमोर मुकं होणारं पोर असतं, तशी ती वायर. चाचांनी हात पुसले. “बनी तो बनी, नहीं तो परभणी,” म्हणाले आणि नमाजला गेले.

मधूनच एक बारीक टिकटिक यायची. ती टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागाची, यावर काका, काकू, भाऊ, चाचा सगळ्यांचं एकमत होतं. आमच्या गल्लीत एकमत झालं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रात्री लाइट गेली. घरात उकाड्यानं बसवेना, म्हणून अंगणात येऊन उगाच गाडी चालू केली, बॉनेट वर केलं. मिट्ट अंधार. तीन नंबर वायरीच्या पोटापासून पाण्याच्या पाइपाच्या क्लिपेपर्यंत एक निळी रेघ नाचत होती. टिक. टिक. टिक. वर्षानुवर्षं भाजून तडकलेल्या रबरातून ठिणगीचा करंट बनवणाऱ्या कॉइलचे हजारो व्होल्ट प्लगपर्यंत न जाता आडवाटेनं क्लिपेत उतरत होते. चाचा तपासायला वायर उचलायचे तेव्हा ती क्लिपेपासून लांब व्हायची आणि शहाण्यासारखी वागायची. दिवसाउजेडी ती ठिणगी दिसणार कुणाला? लाइट घालवणाऱ्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून दुवा दिला. आनंदाच्या भरात बायकोला बोटानं दाखवायला गेलो, ते बोट जरा जास्तच जवळ गेलं. दंडापर्यंत झिणझिण्या आल्या. “सापडलं वाटतं,” ती ओसरीवरूनच म्हणाली.

सकाळी चाचांनी नवी वायर टाकली. धड धड धड धड.

संध्याकाळी पाचला काका भिंग घेऊन आले. भाऊंनी बाह्या सारलेल्या. काकूंच्या एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात सगळ्यांसाठी ताकाची बरणी.

“झाली सुरू,” मी म्हणालो.

कुणी काही बोललं नाही. भाऊंनी बाह्या हळूहळू खाली ओढल्या. “अशी कशी काय झाली?” काकू म्हणाल्या. काकांनी भिंग खिशात घातलं, परत काढलं.

मी बॉनेट उघडलं.