लुईस ट्रेंकर: ‘अडाणी वाटाड्या, एका रात्रीत नट’ ही कहाणी किती खरी?

डोंगरवेड्यांच्या गटांत पर्वतपटांचा जर्मनभाषक नट-दिग्दर्शक लुईस ट्रेंकर याच्यावर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: आल्प्समधल्या एका गावचा न शिकलेला वाटाड्या. नटाला कडा चढता येईना म्हणून त्याला कॅमेऱ्यापुढे उभं केलं, आणि त्यातून पर्वतपट, म्हणजे डोंगर आणि गिर्यारोहणावरचे चित्रपट, हा प्रकारच जन्माला आला. कॅमेऱ्याचा ‘क’ ठाऊक नसताना तो दिग्दर्शक झाला. सगळं एकट्यानं, सगळं खऱ्या कड्यावर. हिटलरपुढे झुकला नाही म्हणून बंदी आली. आणि स्वतः गिर्यारोहक असल्यामुळे त्यानं पडद्यावर दाखवलं ते शंभर टक्के खरं.

माणूस खरा आहे, आणि मोठाही. पण यातलं नटाला चढता न येण्याचं एक वाक्य सोडलं, तर बाकीच्या दाव्यांत कुठे ना कुठे गडबड आहे.

आधी ‘अडाणी’चं पाहू. ट्रेंकरचा जन्म 4 ऑक्टोबर 1892चा, डोलोमाइट पर्वतातल्या ग्रोडन खोऱ्यातला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीत होता, पहिल्या महायुद्धानंतर इटलीत गेला. वाटाड्या म्हणून आणि स्कीइंग शिकवून त्यानं पैसे मिळवले हे खरं, पण शिक्षण वास्तुशास्त्राचं. पुढे बोल्झानोत त्यानं वास्तुविशारद म्हणून कामही केलं. 1924च्या शामोनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये इटलीच्या बॉबस्ले (बर्फावरच्या घसरगाडीची शर्यत) संघात तो होता. अडाणी म्हणावं असं यात काहीच नाही.

पर्वतपटाचा जनक तो नव्हे. तो मान, द्यायचाच तर, आर्नोल्ड फांकला जातो. भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या या माणसानं 1920मध्ये मित्रांसह फ्रायबुर्गमध्ये डोंगर आणि खेळांच्या चित्रपटांची कंपनी काढली. स्कीइंगवरचा त्याचा पहिला मोठा चित्रपट त्याच वर्षीचा. ट्रेंकर पडद्यावर आला 1924मध्ये, फांकच्याच ‘डेर बेर्ग डेस शिकझाल्स’मध्ये. म्हणजे घर आधीच बांधलेलं होतं, हा राहायला नंतर आला.

‘कॅमेरा न शिकता दिग्दर्शक’ हा दावा सर्वांत घातक, कारण तो वाचून उद्या कोणीतरी ॲक्शन कॅमेरा घेऊन सुळक्यावर जाईल. दिग्दर्शक म्हणून ट्रेंकरचं नाव ठळकपणे येतं ते 1931च्या ‘बेर्गे इन फ्लामेन’पासून. 1924 ते 1931 ही सात वर्षं त्यानं कॅमेऱ्यासमोर काढली, त्यातली सुरुवातीची फांकच्या हाताखाली. तिथे शिकण्यासारखं काय होतं, ते जरा तपशिलात बघा.

त्या काळच्या देब्री पार्वोसारख्या 35 मिलीमीटर कॅमेऱ्यात 120 मीटर फिल्म बसायची. सेकंदाला 16 चौकटी (फ्रेम) या वेगानं ती साधारण साडेसहा मिनिटांत संपते. बोलपटाच्या 24 चौकटींच्या वेगानं जेमतेम चार मिनिटं वीस सेकंद. म्हणजे दोराला लटकलेला माणूस, वाट बघायला लावणारा ढग आणि फिल्म बदलणं, सगळं या हिशेबात बसवायचं. थंडीत वंगण घट्ट होतं आणि हातानं फिरवायचा दांडा अडखळतो. वेग बदलला की चित्र कधी उजळ, कधी काळं. कोरड्या थंड हवेत फिल्म भरभर ओढली तर स्थितिक विजेच्या ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत नेला की भिंगावर दव धरतं. म्हणून तो पेटीत बंद ठेवूनच हळूहळू ऊब येऊ द्यायची, घाईनं झाकण उघडायचं नाही.

उजेडाचीही हीच कथा. निळ्याला जास्त संवेदनशील असलेल्या जुन्या फिल्मवर आकाश पांढरंफटक यायचं आणि बर्फाची कड त्यात हरवायची. पिवळा फिल्टर लावला की आकाश गडद होतं आणि ढग सुटे दिसतात. भर दुपारी बर्फ सपाट दिसतो. उतरत्या किंवा समोरून येणाऱ्या उन्हात त्याचा पोत उठतो. हे नुसत्या डोंगरप्रेमातून येत नाही. कोणीतरी शिकवावं लागतं.

‘एकट्यानं’ हा मुद्दा श्रेयनामावलीच खोडते. ‘बेर्गे इन फ्लामेन’चं दिग्दर्शन कार्ल हार्टलबरोबर, कॅमेरा सेप आल्गायर आणि आल्बेर्ट बेनिट्स यांचा, संगीत जुझेप्पे बेच्चेचं. पुढच्या वर्षीच्या ‘डेर रेबेल’मध्ये सहदिग्दर्शक कुर्ट बेर्नहार्ट.

‘सगळं खऱ्या कड्यावर’ हे बरंचसं खरं. 1926च्या ‘डेर हायलिगे बेर्ग’मध्ये सुरुवातीलाच पाटी येते: यातले खेळाडूंचे पराक्रम म्हणजे कॅमेऱ्याची करामत समजू नका. पण त्याच चित्रपटातलं बर्फाचं मंदिर हा मुद्दाम उभारलेला सेट आहे, आणि उबदार वाऱ्यानं तो वितळल्यामुळे काम अडलं होतं. कडे खरे होते आणि सेटही होते. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

आता हिटलर. ‘डेर रेबेल’ नेपोलियनविरुद्धच्या, आल्प्समधल्या टिरोल प्रांतातल्या उठावावर होता. मार्च 1933मध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यानं चित्रपटवाल्यांपुढच्या भाषणात अनुकरणीय म्हणून त्याचं नाव घेतलं. 1936चा ‘डेर कायझर फॉन कालिफोर्निएन’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातून सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचा मुसोलिनी चषक घेऊन आला. 1940चा ‘डेर फॉयरटॉयफेल’ पुन्हा नेपोलियनच्याच काळातल्या उठावाचा, पण आता सत्तेवर बसलेल्यांना बंडाची गोष्ट रुचली नाही. दक्षिण टिरोलच्या, म्हणजे ट्रेंकरच्याच भागातल्या, लोकांनी जर्मनी की इटली हे निवडायचं होतं, तिथे ट्रेंकर रेंगाळला, तेही खटकलं. इथवर मजकूर लिहिणाऱ्याला आधार आहे. मात्र त्याच 1940मध्ये त्यानं नाझी पक्षाचं सभासदत्व घेतलं आणि 1943च्या ‘गेर्मानिन’ या प्रचारपटात भूमिका केली. याला न झुकणं म्हणायचं तर शब्दकोश बदलावा लागेल. युद्धानंतर त्यानं हिटलरची सोबतीण एफा ब्राउन हिची म्हणून एक डायरी पुढे आणली आणि ती बनावट ठरली. स्वतःबद्दलच्या गोष्टी सांगण्यात तो पटाईत होता. फिरत्या मजकुरातला बराच माल मुळात त्याच्याच दुकानातला असावा असं वाटतं.

राहिला शेवटचा दावा, गिर्यारोहकाचा चित्रपट म्हणजे खरा इतिहास. 1938चा ‘डेर बेर्ग रुफ्ट’ घ्या. 14 जुलै 1865ला आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर इंग्रज गिर्यारोहक व्हिंपर याच्या गटातले सातजण पहिल्यांदा पोचले. उतरताना हॅडो घसरला, क्रोझ, हडसन आणि डग्लस त्याच्याबरोबर गेले, आणि डग्लस व वाटाड्या थोरला टाउग्वाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चित्रपटात दोर कापल्याचा आळ व्हिंपरवर येतो, आणि इटालियन वाटाड्या कारेल (ही भूमिका अर्थातच ट्रेंकरची) पुन्हा डोंगर चढून पुराव्याचा दोर आणतो. प्रसंग भन्नाट आहे, पण घडलेला नाही. तुटलेल्या दोराचं एक टोक वाचलेल्या टाउग्वाल्डरच्याच कमरेला होतं, ते आणायला वर जायचं कारणच नव्हतं. संशय प्रत्यक्षात टाउग्वाल्डरवर आला आणि चौकशीत तो निर्दोष सुटला. व्हिंपरनं लिहून ठेवलंय की सोबत तीन प्रकारचे दोर होते आणि तुटला तो त्यातला सर्वांत कमजोर. त्या दोराचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात काचेआड ठेवलेला आहे.